दम्याचे कुणालाही न सांगता कळसूबाईला जावे का?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: परभणी जिल्ह्यातून पुण्यात अभियांत्रिकी शिकायला आलेल्या आणि दुसऱ्या वर्षात असलेल्या एका १९ वर्षांच्या विद्यार्थ्याचे हे पत्र आहे. जुलैतल्या एका शनिवारी संध्याकाळी पुण्याहून निघायचे, रात्रीच कळसूबाई चढायचे, शिखरावर सूर्योदय पाहायचा आणि रविवारी संध्याकाळपर्यंत वसतिगृहात परतायचे, असा बेत त्याच्या वर्गातील बारा जणांनी आखला आहे. दोन मोटारी भाड्याने घेतल्या जातील आणि त्या वर्गातलीच मुले चालवतील. बारांपैकी एकाने कळसूबाई दोनदा केले आहे, दोघे-तिघे सिंहगड किंवा लोहगडापर्यंत जाऊन आलेले आहेत आणि उरलेल्यांचा हा पहिलाच ट्रेक आहे. पत्रलेखकाला लहानपणापासून दमा आहे. गेल्या दोन वर्षांत मोठा त्रास झालेला नसला तरी तो इनहेलर बाळगतो, मात्र वर्गात कुणालाही याची कल्पना नाही. शाळेत असताना आईने त्याला एकाही सहलीला पाठवले नाही आणि आताही ती नकोच म्हणेल, म्हणून घरी त्याने काहीच सांगितलेले नाही. त्या रात्री आईचा फोन आलाच तर 'तो अभ्यासिकेत बसला आहे' असे खोलीतल्या मित्राने सांगायचे, असे दोघांत ठरले आहे. वर्गणीही भरून झाली आहे. 'आता नाही म्हटले तर मुले घाबरट ठरवतील आणि गेलो व मागे पडलो तर सगळ्यांचा ट्रेक माझ्यामुळे बिघडेल. मुलगा असून चढायची धास्ती वाटते, हे कुणाला सांगणार? मी जावे की काहीतरी कारण काढून टाळावे?' असे त्याने विचारले आहे.

नमस्कार,

जाणे आणि टाळणे असे दोनच पर्याय तुम्ही समोर ठेवले आहेत आणि गंमत अशी की दोन्हींत तुम्हाला कुणाशी तरी खोटे बोलावे लागणार आहे. गेलात तर आईशी, टाळलेत तर मित्रांशी. म्हणून 'जावे की न जावे' याचे उत्तर मी लगेच देत नाही. त्याआधी कोणाला काय माहीत आहे, एवढेच आपण मांडून पाहू. तुम्हाला दमा आहे हे आईला ठाऊक आहे, पण तुम्ही डोंगरावर आहात हे तिला ठाऊक नसेल. तुम्ही डोंगरावर आहात हे मित्रांना दिसत असेल, पण तुम्हाला दमा आहे हे त्यांना ठाऊक नसेल. रात्री दोन वाजता, भर पावसात, एखाद्या शिडीच्या खाली तुमच्या छातीत घरघर सुरू झाली आणि श्वास अपुरा पडू लागला, तर या दोन्ही गोष्टी एकत्र माहीत असलेला माणूस त्या अंधारात एकच असेल आणि नेमके त्यालाच त्या वेळी धड बोलता येत नसेल.

अशा वेळी तुमचे मित्र काय करतील, याची कल्पना करून पाहा. ती मुले वाईट नाहीत, पण त्यांच्यासमोर एक धापा टाकणारा मित्र असेल आणि चढावर धाप तर सगळ्यांनाच लागलेली असेल. 'थोडा बस, पाणी पी, आता अर्धाच राहिला आहे' असे म्हणून ती प्रेमानेच तुम्हाला पुढे ढकलतील. दम्याचा जोर वाढत असताना माणसाला पुढे चालवणे धोक्याचे असते, हे त्यांना कळायला आधी दमा आहे हे कळायला हवे. इकडे पुण्यात तुमच्या खोलीतला मित्र तुमच्या आईला तुम्ही अभ्यासिकेत असल्याचे सांगत असेल. तुम्हाला ही किरकोळ मदत वाटते, पण काही बरेवाईट झाले तर मध्यरात्री परभणीला फोन लावून 'मी मघाशी खोटे बोललो' हे सांगण्याची पाळी त्या मुलावर येईल. एकोणीस-वीस वर्षांच्या मित्राच्या खांद्यावर एवढे ओझे ठेवण्याचा अधिकार आपल्याला आहे का, हे तुम्हीच ठरवा.

याचा अर्थ दमा असलेल्या माणसाने डोंगराकडे पाहूच नये, असा मुळीच नाही. दमा आटोक्यात असलेली आणि औषधे नियमित घेणारी पुष्कळ माणसे सह्याद्रीत मनसोक्त हिंडतात. मी डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या फुप्फुसांविषयी मत देणार नाही. ते तुमच्या डॉक्टरांकडून घ्यायचे आहे आणि ते ट्रेकच्या आदल्या दिवशी नव्हे, निदान दोन आठवडे आधी घ्यायचे आहे. त्यांना नेमके विचारा: सलग तीन-चार तास चढलो तर चालेल का, चढण्याआधी इनहेलर घ्यायचा का, त्रास झाल्यास किती वेळा घ्यायचा आणि कोणत्या क्षणी सगळे सोडून खाली उतरायला लागायचे. दमदार श्रम, थंड ओलसर हवा आणि धूर या तिन्हींनी दमा चाळवू शकतो, आणि तुमच्या बेतात ही तिन्ही कारणे आहेत. धुराचे तुमच्या लक्षात आले नसेल. पायथ्याच्या गावात किंवा वाटेवरच्या झोपडीत चहा घ्यायला थांबलात की चुलीचा धूर असतोच आणि बारा जणांत एखादा सिगारेट ओढणाराही निघतो. शिवाय अनेकांचा दमा रात्री आणि पहाटे अधिक त्रास देतो, आणि तुमचा बेत तर रात्रीचाच आहे. डॉक्टरांना 'ट्रेकला जाऊ का' एवढेच विचारलेत तर ते कदाचित होकारार्थी मान हलवतील. 'जुलैतल्या रात्री, पावसात, झोप न घेता कळसूबाई चढू का' असे विचारलेत तर उत्तर बदलण्याची शक्यता आहे. म्हणून प्रश्न पूर्ण विचारा.

आता तुमच्या दुसऱ्या गृहीतकाकडे येतो. 'मी मागे पडलो तर सगळ्यांचा ट्रेक बिघडेल' असे तुम्ही लिहिता. डोंगरात बरीच वर्षे काढलेल्या माणसांच्या दृष्टीने गटाची चाल ही त्या गटातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाची चाल असते. वेळेचा हिशेब, निघण्याची वेळ, परतीची वेळ, सगळे त्याच्यावरून ठरते. सावकाश चालणारा कोण आहे हे आधी कळले तर बेत नीट आखता येतो. ते अर्ध्या वाटेत, अंधारात कळले तर बेत बिघडतो. तेव्हा बिघाड होतो तो न सांगितल्यामुळे. 'माझी चाल कमी आहे' असे आठ दिवस आधी सांगणारा मुलगा गटाला एक उपयोगी माहिती देत असतो, आणि ती दिल्याबद्दल त्याने ओशाळे होण्याचे काही कारण नाही.

हौशी गटांमध्ये याबाबत एक चूक इतक्या सर्रास होते की ती इथे जरा सविस्तर सांगतो. भराभर चालणारी मुले पुढे जातात आणि एखाद्या सपाटीवर बसून मागच्यांची वाट पाहतात. मागचा मुलगा दहा मिनिटांनी तिथे पोहोचतो. तो दिसला रे दिसला की पुढची मुले 'आला, चला' म्हणून उठतात, कारण त्यांची विश्रांती झालेली असते. परिणामी ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज आहे त्याला ती संपूर्ण चढात एकदाही मिळत नाही, आणि वर पोहोचेपर्यंत त्याची खात्री होते की आपल्यातच काहीतरी कमी आहे. यावर उपाय साधा आहे. शेवटचा माणूस येऊन बसला की तिथून पुढे विश्रांतीची पाच-दहा मिनिटे मोजायची. वाट माहीत असलेला मुलगा सर्वांत पुढे, सावकाश चालणारा त्याच्या लगेच मागे आणि एक भरवशाचा, दमदार मुलगा सर्वांच्या शेवटी, अशी रांग लावायची. शेवटच्याने कुणालाही आपल्या मागे राहू द्यायचे नाही. सावकाश चालणारा दुसऱ्या क्रमांकावर असला की पुढच्याला आपोआप त्याच्या बेताने चालावे लागते आणि मागे पडण्याचा प्रश्नच उरत नाही. चालताना दोन वाक्ये सलग बोलता येत असतील तर चाल बरोबर आहे आणि शब्दाशब्दाला थांबावे लागत असेल तर ती कमी करायची, हा निकष दमा नसलेल्यांनाही लागू आहे.

मुलगा असून भीती वाटते, याची तुम्हाला लाज वाटते. बारांपैकी आठ-नऊ जणांचा हा पहिलाच ट्रेक आहे, असे तुम्हीच लिहिले आहे. त्यांतल्या एकालाही धास्ती नसेल, हे मला संभवनीय वाटत नाही. कुणाला उंचीची भीती असेल, कुणाचा गुडघा दुखत असेल, एखाद्या मुलीला पाळीच्या दिवसांत आडोसा कुठे मिळणार याची चिंता असेल. सगळे गप्प आहेत, कारण प्रत्येकाला वाटते की आपण एकटेच असे आहोत.

यापुढचा भाग तुम्ही विचारलेला नाही, पण पत्र वाचताना मला तुमच्या दम्यापेक्षा त्या बेताचीच काळजी जास्त वाटली. कळसूबाई हे १,६४६ मीटर उंचीचे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर आहे. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून वर जाणारी नेहमीची वाट मळलेली आहे, अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत आणि कोरड्या दिवसांत, उजेडात, सराव असलेल्या माणसाला ती कठीण वाटत नाही. तरीही तो आठशे मीटरांच्या आसपासचा सलग चढ आहे. नवख्या माणसाला तीन ते चार तास सहज लागतात आणि उतरताना गुडघे बोलू लागतात. जुलैत त्याच शिड्या ओल्या असतात, कातळावर शेवाळ असते, वाऱ्याचा जोर असतो आणि धुक्यात पुढच्या माणसाची पाठही दिसत नाही. पावसाळी सुट्टीच्या रात्री तिथे एवढी गर्दी लोटते की शिड्यांपाशी रांगा लागतात. भिजलेल्या अंगाने आणि वाऱ्यात रांगेत खोळंबणे तुम्हाला तर नाहीच, कुणालाही मानवणार नाही. आणि ज्या सूर्योदयासाठी हा सगळा खटाटोप चालला आहे, तो जुलैच्या मध्यात कळसूबाईवर दिसण्याची आशा मी तरी धरणार नाही. त्या महिन्यात शिखर ढगांत बुडालेले असते. रात्रभर चढून वर जायचे आणि पांढऱ्या धुक्यात देवीच्या देवळाला टेकून कुडकुडत बसायचे, एवढेच बहुतेक वेळा पदरी पडते. हे तुमच्या दोनदा जाऊन आलेल्या मित्राला नक्की विचारा: तो कोणत्या महिन्यात गेला होता?

त्याहून मोठा धोका रस्त्याचा आहे. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूरमार्गे बारी हे अंतर पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. शनिवारी दिवसभर जागा असलेला मुलगा संध्याकाळी एवढी गाडी चालवणार, रात्रभर डोंगर चढणार, सकाळी उतरणार आणि न झोपता तेवढीच गाडी पुन्हा पावसात चालवत आणणार, असा तुमचा बेत आहे. डोंगरावर पाय घसरेल म्हणून सगळे जपतात, पण परतीच्या वाटेवर चालकाची डुलकी लागेल हे कुणी मोजत नाही. मी तुमच्या जागी असतो तर दम्याचा विषय काढण्याआधी याच मुद्द्यावर गटात बोललो असतो. चालक भाड्याने घ्यावा आणि तुम्ही चढत असताना त्याने गाडीत झोपावे. खर्च बारा जणांत वाटला की फारसा वाढत नाही.

तेव्हा माझे मत असे की या बेताप्रमाणे तुम्ही जाऊ नये आणि खरे तर तुमच्या गटातल्या कुणीही जाऊ नये. पण ट्रेक रद्द करायचा असेही नाही. तो दोन तुकड्यांत करता येईल. जुलैत दिवसाउजेडी एखादा सोपा किल्ला करा आणि कळसूबाई दिवाळीनंतरसाठी राखून ठेवा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आकाश स्वच्छ असते, तेव्हा खरोखरीचा सूर्योदय मिळतो आणि शिखरावरून अलंग, मदन, कुलंग, रतनगड हे किल्ले आणि भंडारदऱ्याचा जलाशय असा सगळा परिसर नजरेच्या टप्प्यात येतो. थंडी मात्र त्या वेळी कडक असते आणि थंड हवेचा तुमच्या दम्याशी संबंध आहे, म्हणून डॉक्टरांना तेही विचारून ठेवा.

जुलैसाठी लोहगड सुचवतो. पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलने मळवलीला उतरायचे, भाजे गावावरून गायमुख खिंडीमार्गे लोहगडवाडीपर्यंत चालत जायचे आणि तिथून पायऱ्यांनी वर. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओलांडत ही वाट चढते आणि जागोजागी थांबायला जागा आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला त्यांत लोहगड आहे, हे वर्गातल्या इतिहासप्रेमींना सांगितलेत तर कळसूबाई सोडल्याचे दुःख थोडे हलके होईल. लोकलने गेल्यामुळे मोटारींचा आणि झोपेचा प्रश्न आपोआप सुटतो. त्रास झाला तर लोहगडवाडीपर्यंत गाडी येऊ शकते, ही तुमच्यासाठी महत्त्वाची गोष्ट आहे. शनिवार-रविवारी मात्र तिथे जत्रेसारखी गर्दी असते, म्हणून महाविद्यालयाला सुट्टी असलेला एखादा मधला वार निवडा. पावसात विंचूकाट्याच्या, म्हणजे गडाच्या लांब, अरुंद सोंडेच्या, टोकाकडे जाण्याचा हट्ट नको. निघण्याच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा इशारा आणि जिल्हा प्रशासनाने त्या भागात जाण्यास बंदी घातली आहे का, हे दोन्ही पाहा. पावसाळ्यात असे मनाई आदेश निघत असतात.

त्याच्याही आधी, येत्या दोन-तीन आठवड्यांत, स्वतःची परीक्षा स्वतःच घ्या. पहिल्या आठवड्यात वेताळ टेकडी किंवा पर्वती दोन-तीन वेळा चढा. पर्वतीच्या १०३ पायऱ्या म्हणजे फार नाहीत, पण न थांबता दोनदा चढल्यावर श्वास कसा लागतो हे कळते. मग एका सकाळी एखाद्या मित्राला घेऊन आतकरवाडीतून सिंहगड चढा. स्वारगेटहून पीएमपीच्या बसने पायथ्यापर्यंत जाता येते, वाटेवर कायम माणसे असतात आणि जिथे वाटेल तिथून परत फिरता येते. वर पोहोचायला किती वेळ लागला याला फारसे महत्त्व देऊ नका. कोणत्या टप्प्यावर घरघर सुरू झाली, थांबल्यावर किती वेळात श्वास पूर्ववत झाला आणि इनहेलर लागला का, हे लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. 'मला जमेल का' या प्रश्नाचे उत्तर तुम्ही आत्ता मनातल्या मनात शोधत आहात. ते सिंहगडाच्या वाटेवर अर्ध्या दिवसात मिळेल.

सिंहगडाला ज्या मित्राला न्याल, त्यालाच दम्याविषयी प्रथम सांगा. बारा जणांच्या गटासमोर एकदम जाहीर करण्याची गरज नाही. एकाला सांगून झाले की गट नेणाऱ्या मित्राला सांगा. सर्वांना कळलेच पाहिजे असे नाही, पण किमान या दोघांना इनहेलर कुठल्या खिशात आहे आणि तो कसा द्यायचा हे दाखवून ठेवलेले असले पाहिजे. गटाला उद्देशून काही लिहायचेच असेल तर असे लिहिता येईल: 'मला चढताना दम लागतो, त्यामुळे मी सावकाश चालेन. जुलैत रात्री कळसूबाई करायला मी येणार नाही. दिवसा लोहगड करायचा असेल तर नक्की येईन, आणि दिवाळीनंतर कळसूबाईलाही येईन.' यात विनवणी नाही, कारण काढणेही नाही. एवढे वाचून दोन-तीन मुले 'मलाही तेच वाटत होते' असे कळवतील, असा माझा अंदाज आहे. एखादा हसेलही. ज्याला बारा जणांचा गट न्यायचा आहे त्यानेच हसून टाकले, तर त्याच्या भरवशावर रात्री डोंगरात जाऊ नये, एवढी माहिती तुम्हाला फुकटात मिळाली असे समजा. भरलेल्या वर्गणीचा विचार इथे आणू नका. परत मिळाली तर घ्या, नाही मिळाली तर सोडून द्या.

राहता राहिली आई. ती नाहीच म्हणेल असे तुम्ही धरून चालला आहात, पण तिने नकार दिला तो शाळकरी मुलाला, ज्याचा दमा तेव्हा बहुधा आजच्यापेक्षा जास्त होता आणि ज्याचे औषध तिच्याच हातात असे. आजच्या तुम्हाला तिने अजून नकार दिलेला नाही, कारण तुम्ही विचारलेच नाही. शिवाय तिच्या भीतीला आधार आहे, हेही मान्य करा. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली, ती दृश्ये घरोघरी टीव्हीवर पाहिली गेली. परभणीत बसलेल्या आईच्या दृष्टीने 'पावसात डोंगरावर' या शब्दांचा अर्थ तोच असणार. तिला 'सगळे जाताहेत, काही होत नाही' असे म्हणण्याने तिची भीती वाढेल. त्याऐवजी तिला तपशील द्या. डॉक्टरांनी काय सांगितले, सिंहगडावर काय अनुभव आला, कुठे जाणार, कोणत्या लोकलने, सोबत कोण, कोणाकोणाला दम्याचे माहीत आहे, धबधब्यात किंवा ओढ्यात उतरायचे नाही हे ठरले आहे, किती वाजता खाली येऊन फोन करणार. सोबतच्या दोन मुलांचे फोन क्रमांक तिला द्या आणि डोंगरात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे दुपारी फोन लागला नाही तर तिचा जीव टांगणीला लागणार नाही. शक्य असेल तर हे बोलणे फोनवर न करता पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा समोर बसून करा. वडिलांना आधी सांगून त्यांच्याकरवी आईला पटवण्याची आपल्याकडे रीत आहे, पण तुमचे आजारपण जिने काढले तिला थेट सांगणे मला अधिक योग्य वाटते.

एवढे करूनही ती नाही म्हणाली तर काय? तुम्ही सज्ञान आहात आणि निर्णय तुमचा आहे. तरी या पहिल्या खेपेला मी तुम्हाला तिचे ऐकायला सांगेन आणि सिंहगडाच्या दोन-तीन फेऱ्या तिला सांगून करायला सुचवेन. मुलगा सांगून जातो आणि सांगितल्या वेळी फोन करतो, हे काही वेळा अनुभवल्यावर बहुतेक आयांचा नकार सैल होतो. तुम्ही त्यातूनही जायचे ठरवलेत तर तिला सांगून जा. आईचा नकार ऐकून जाणे आणि तिच्यापासून लपवून जाणे यांत मोठे अंतर आहे. पहिल्या बाबतीत ती रागावेल, पण तुम्ही कुठे आहात हे तिला माहीत असेल. खोलीतल्या मित्राशी ठरवलेले ते अभ्यासिकेचे उत्तर मात्र आजच रद्द करा.

तयारीबद्दल तुम्ही विचारलेले नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. बूट चांगल्या पकडीचे आणि आधी आठवडाभर वापरलेले हवेत. नवेकोरे बूट पहिल्याच ट्रेकला घातले तर टाचेला फोड ठरलेलेच. जीन्स भिजली की जड होते आणि वाळत नाही, त्यापेक्षा साधी ट्रॅकपँट बरी. छत्री नको, रेनकोट हवा, कारण दोन्ही हात मोकळे लागतात. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून सॅकमध्ये ठेवा आणि उतरल्यावर लगेच बदला. ओल्या कपड्यांत लोकलच्या वाऱ्यात बसणे तुमच्या छातीला परवडणारे नाही. दोन लिटर पाणी, ओआरएसची पाकिटे, दशमी किंवा थालीपीठ, खजूर, चिक्की एवढे पुरते. दिवसाचा ट्रेक असला तरी प्रत्येकाकडे स्वतःची विजेरी असावी. मोबाइलच्या दिव्यावर विसंबू नये, कारण तोच मोबाइल मदतीसाठी लागतो. मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक सर्वांना माहीत असावेत. लोणावळा परिसरात शिवदुर्ग मित्र ही संस्था डोंगरात अडकलेल्यांच्या सुटकेचे काम करते, तिचा क्रमांक निघण्यापूर्वी शोधून जवळ ठेवा. परत फिरण्याची वेळही आधीच ठरवा. उदाहरणार्थ, दुपारी एक वाजता जिथे असू तिथून उतरायला लागायचे, मग माथा पाच मिनिटांवर असला तरी.

हे सदर वाचणाऱ्यांत वर्गाचे ट्रेक ठरवणारी मुलेमुलीही असतील. त्यांना एक विनंती आहे. येणाऱ्या प्रत्येकाला एकेकटे गाठून विचारा: काही आजार आहे का, औषध चालू आहे का, उंचीची भीती वाटते का, घरी माहीत आहे का. सगळ्यांसमोर 'कुणाला काही प्रॉब्लेम?' असे ओरडून विचारले तर आतापर्यंत गप्प राहिलेले त्यानंतरही गप्पच राहतात. ज्याच्या घरी माहीत नाही त्याला सोबत नेऊ नका, तो कितीही जवळचा मित्र असला तरी. आणि बारा जणांत वाट माहीत असलेला एकच असेल, तर त्याचाच पाय मुरगळला की उरलेले अकरा जण वाट चुकलेले असतात, म्हणून गावातला एक वाटाड्या सोबत घ्या. त्याला मजुरी ठरवून द्या आणि जेवण त्याच्याच घरी सांगा.

शेवटी एक काम आजच करा. तुमच्या पत्रावरून असे दिसते की इनहेलर जवळ असतो, पण तो बऱ्याच दिवसांत वापरावा लागलेला नाही. त्यावरची मुदत पाहा, आत औषध किती शिल्लक आहे ते पाहा आणि मुदत उलटली असेल तर डॉक्टरांकडे जाल तेव्हा नवा लिहून घ्या. सिंहगडाला निघताना तो सॅकच्या तळाशी टाकू नका. रेनकोटच्या आतल्या, चेन असलेल्या खिशात ठेवा आणि सोबतच्या मित्राला तो खिसा दाखवा.